तेराशे बारा लाल ओळी

मावशी आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात रुजू झाल्या त्याच दिवशी मी त्यांच्याशी भांडले. भांडण खुर्चीवरून. खिडकीजवळची खुर्ची मी अकरा वर्षं सांभाळली होती, आणि ही पन्नाशी उलटलेली बाई सरळ तिथे येऊन बसली. "मला उजेड लागतो गं," एवढंच म्हणाली आणि पिशवीतून चष्म्याच्या दोन डब्या, एक पेन्सिल आणि एक मळकट पुठ्ठा काढून टेबलावर मांडला. मी चार शब्द ऐकवले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आवाज छान आहे तुझा. आमच्या छापखान्यात मशीनच्या वरून ऐकू जाईल असा आवाज एकाचाच होता, त्याच्याशीच मी लग्न केलं." मी शेजारच्या टेबलावर जाऊन बसले, ती आजतागायत तिथेच आहे.

छापखाना म्हणजे टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या छापायचा तो. मावशी तिथे सव्वीस वर्षं मुद्रितं तपासायच्या. दरवर्षी नवी डिरेक्टरी, आणि ती जुन्या डिरेक्टरीशी ओळीला ओळ लावून बघायची. गंमत अशी, की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अनुक्रमांक असायचा आणि मध्ये एक नाव वाढलं की पुढचे सगळे अनुक्रमांक सरकायचे. बघावं तिथे फरक! म्हणून मावशींनी पुठ्ठा केला. पोस्टकार्डाहून थोडा लांब, त्याला ब्लेडने कापलेल्या दोन खिडक्या, एकीखाली एक. वरच्या खिडकीत जुनी ओळ, खालचीत नवी. अनुक्रमांकाचा भाग पुठ्ठ्याखाली झाकलेला. राहिलेलं जुळलं की पुढे. छापखाना बंद पडला, मशीनवर आवाज चढवणारा नवरा दोन्ही कानांनी बहिरा होऊन घरी बसला, आणि मावशी पुठ्ठ्यासकट आमच्याकडे आल्या.

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच हिशेब. त्यांची सून शाळेत शिकवते, तोंडाने फटकळ आहे, आणि सकाळी कुणी बोललेलं तिला चालत नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मध्ये पडदा. सून माझ्यासमोर मावशींवर खेकसली. मला इतका राग आला की मीच उलटून बोलणार होते. मावशी जिन्यात म्हणाल्या, "अगं, तो अनुक्रमांक समज. तेवढा झाकला की बाकी मुलगी सोन्यासारखी आहे. यांच्या कानातलं यंत्र रोज रात्री पुसून ठेवते, मला कधी सांगावं लागलं नाही." मी म्हटलं, "आणि झाकलेल्यातच काही खोट निघाली तर?" तर म्हणाल्या, "म्हणून झाकायचं ते आधी एकदा वाचायचं."

हे वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं.

आता यादीबद्दल सांगते. शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह रस्त्याखाली असतात, लोखंडी झाकणाच्या आत. प्रत्येकाची आमच्याकडे संगणकात एक ओळ. आधी तारीख, मग व्हॉल्व्हचा नंबर, मग जागा, किती आटे म्हणजे फेरे द्यायचे, कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, आणि शेवटी नोंद करणाऱ्याची सही, म्हणजे नावाची दोन अक्षरं. मध्ये उभ्या रेघा. बहुतेक व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात. काही अगदी जुने आहेत, ते उलटे. म्हणून ती 'उजवी-डावी' महत्त्वाची. पूर्व भागातल्या तेराशे बारा व्हॉल्व्हची एक यादी आमच्या कार्यालयात, तिची जबाबदारी माझी. तीच यादी पूर्वेच्या चौकीतल्या जुन्या संगणकावर, आणि तिचे मालक चावीकाका. वर्षातून दोनदा त्यांची यादी माझ्याकडे यायची आणि तिच्यातल्या दुरुस्त्या बघून दोन्हींची एक करायची, असा नियम.

चावीकाका चौतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवत आले आहेत. सायकलच्या दांडीला हातभर लांबीची लोखंडी चावी बांधलेली, खिशात डायरी, नाकासमोर चालणारा माणूस. निवृत्तीला बारा दिवस उरले होते तेव्हा त्यांच्या कपाळी हे आलं.

झालं असं. नव्या जोडणीसाठी एक टोळी पूर्वेकडे गेली. हातात आमच्या यादीची छापील प्रत. चौकाच्या कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हपुढे 'उजवी' लिहिलेलं. चौघांनी मिळून उजवीकडे जोर लावला. व्हॉल्व्ह बंद तर झालाच नाही, आतला दांडा पिळवटून तुटला आणि रस्त्यावर कारंजं उडालं. तीन वस्त्या दोन दिवस कोरड्या. लोक हंडे घेऊन कार्यालयाच्या दारात. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांनी चौकीची यादी मागवली, आमच्या यादीशेजारी संगणकावर लावली आणि फरक दाखवणारा प्रोग्राम चालवला. पडदा वरपासून खालपर्यंत लाल. एकूण एक ओळ वेगळी. तेराशे बाराच्या तेराशे बारा.

"या माणसाने सगळी यादी फिरवून ठेवलीय!" साहेब ओरडले. "जाता जाता सूड उगवला." चावी जमा करायला लावली, चौकशी लावली, आणि काकांना रोज सकाळी कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर येऊन बसायचा हुकूम झाला. चौकशीत दोषी ठरले तर निवृत्तीच्या कागदावर बडतर्फीचा शिक्का. चौतीस वर्षांवर बोळा फिरणार. बाकावर बसलेल्या काकांचा हात राहून राहून शर्टाच्या खिशाकडे जायचा, आणि ती डायरीही जमा करून घेतलीय हे आठवलं की खाली यायचा.

आणि मी? खाई त्याला खवखवे. तो लाल पडदा मी आधी पाहिला होता. सहा महिन्यांपूर्वी काकांची यादी माझ्याकडे आली, मी दोन्ही शेजारी लावल्या, आणि पडदा असाच लालेलाल झाला. शनिवारची दुपार, सुट्टीला वीस मिनिटं बाकी. मी म्हटलं, म्हाताऱ्याने काहीतरी घोळ घातलाय, कोण एवढं निस्तरत बसणार! आणि 'सगळीकडे आपलं ठेवा' या बटणावर बोट ठेवलं. एका क्षणात आमच्याकडची यादी एक झाली, चौकीतली मात्र होती तशीच राहिली. काकांनी त्यात काय दुरुस्त केलं होतं ते मी पाहिलंच नाही. त्यांची फाइल माझ्या संगणकात तशीच पडून होती. आता साहेब ओरडत होते आणि माझी अळीमिळी गुपचिळी. उलट चहाच्या वेळी कुणीतरी "काका असं करतील का हो?" म्हणालं, तेव्हा "कुणाच्या मनात काय, कोण सांगणार" हे वाक्य मी बोलले. होय, मीच. लाज वाटते सांगायला.

चौकशीसाठी फरकांचे कागद छापून काढायचं काम मावशींकडे आलं. त्यांनी पहिली दहा पानं छापली आणि थांबल्या.

"दोन बोटांनी टायपिंग करणारा माणूस तेराशे ओळी बदलेल?" त्या मला म्हणाल्या. "एवढा सूड कुणाला झेपतो गं? मला तर जावेवरचा सुद्धा झेपला नाही."

मग पुठ्ठा आला. पण लगेच ठेवला नाही. आधी दोन्ही याद्यांची पहिली पानं पेन्सिल फिरवत शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. मग पुठ्ठा ठेवला, सुरुवातीची तारीख आणि शेवटची सही झाकून. एक ओळ, दोन ओळी, दहा, वीस. खिडक्यांत सगळं जुळत होतं. त्या उठून बाहेर बाकापाशी गेल्या. पाठोपाठ मीही गेले, पाय ओढत.

"काका, तुमच्या यादीत प्रत्येक ओळीला तारीख वेगळी कशी?"

काका उभेच राहिले. "हजेरी आहे ती, ताई. ज्या दिवशी ज्या व्हॉल्व्हचं झाकण उघडून बघतो, त्या दिवशी त्याची तारीख बदलतो. सहीपण माझी टाकतो. महिन्यात सगळ्यांची फेरी होते. एकाचीही चुकवत नाही."

"पण ती तारीख नोंद बदलली तरच बदलायची असते."

"असं होय?" काका बाकावर टेकले. "मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, साहेबांना कळावं मी जातो म्हणून."

मावशींनी कपाळाला हात लावला आणि मग हसल्या. काका मात्र हसले नाहीत. ज्या हजेरीचा त्यांना अभिमान, तीच त्यांच्या अंगावर आली होती.

तेराशे ओळींना पुठ्ठा लावायला चार दिवस लागले असते. मावशींनी झाकायच्या सह्या तेवढ्या यादीभर वाचून काढल्या आणि त्या वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, प्रोग्रामला एखादी अख्खी ओळ सोडून दे म्हणून सांगता येतं. मावशी म्हणाल्या, "अख्खी ओळ सोडली तर उरलं काय? मला ओळीतला तुकडा सोडायचाय." त्याने डोकं खाजवलं, तासभर शोधलं, आणि तशी सोय सापडली. पहिल्यांदा त्यांनी अक्षरं मोजून सांगितलं, पहिली दहा आणि शेवटची दोन अक्षरं बघू नकोस. लाल ओळी चारशेवर आल्या. चारशे म्हणजे काका गेलेच. मावशी पडद्याला नाक लावून बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, काका एक तारखेला नुसता एक लिहितात, आपण शून्य एक लिहितो. पुढचं सगळं एका अक्षराने सरकलंय. मोजू नकोस. सुरुवातीपासून पहिल्या उभ्या रेघेपर्यंत सोड, आणि शेवटच्या रेघेनंतरचं सोड." त्याने तसं केलं.

लाल ओळी उरल्या नऊ.

मी त्या नऊ स्वतःच्या डोळ्यांनी मोजल्या. तेराशे बाराच्या जागी नऊ! कॉम्प्युटरवाला टाळी वाजवून मोकळा झाला. आठ ओळी साध्या होत्या. कुठे खांब काढला गेला, तिथे काकांनी 'भिंतीपासून तीन पावलं' लिहिलेलं, कुठे आट्यांचा आकडा सुधारलेला. नववी ओळ होती कोपऱ्यावरच्या त्या व्हॉल्व्हची. आमच्या यादीत 'उजवी'. काकांच्या यादीत 'डावी'. आणि तुटलेला दांडा कार्यशाळेत पडून होता. त्याचे आटे डावेच होते, कुणीही जाऊन बघावं. म्हणजे काकांचं बरोबर होतं.

साहेबांनी कागद बघितला, काकांना आत बोलावलं, आणि आमच्या आनंदावर पाणी फिरवलं. "बरोबर आहे, पण कधी केलं? या ओळीची तारीख बघा. व्हॉल्व्ह फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीची. गडबड झाल्यावर यांनी गुपचूप आपली यादी सुधारली. आधी चुकीचंच असणार, तेच आमच्याकडे आलं."

काका म्हणाले, "साहेब, फुटल्यावर मी बघायला गेलो होतो. गेलो म्हणून हजेरी टाकली."

"हजेरी!" साहेब म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. ज्या तारखा रोज बदलतात त्या काय सिद्ध करणार? काकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी टेबलाची कड धरली. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तरी माझी पाचावर धारण बसली.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, झाकलेलं मी आधी वाचलंय. या ओळीच्या शेवटी दोन सह्या आहेत. सगळ्या यादीत ही एकच ओळ अशी. एक काकांची, दुसरी पूर्वेच्या जुन्या फोरमनची. तो फोरमन पाच महिन्यांपूर्वी बदलून गेला. म्हणजे 'डावी' ही नोंद तो इथे असताना झाली."

"आम्ही दोघांनी फिरवून बघितला होता," काका पुटपुटले. "मी एकट्याने लिहिलं तर कोण ऐकणार, म्हणून त्यांची सही घेतली."

"सही आज टाइप केली नसेल कशावरून?" साहेबांनी विचारलं. आवाज मात्र खाली आला होता. "त्या वेळची फाइल आहे का कुणाकडे?"

खोलीत चौघं. साहेब, काका, मावशी आणि मी. मावशी चष्मा काढून पुसत होत्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. पुसून झालं तरी पुसतच राहिल्या.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. मशीनवरून ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे, साहेबांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं. मग सगळं सांगितलं. शनिवार, वीस मिनिटं, बटण. साहेब उठून माझ्या टेबलापाशी आले, मी फाइल उघडली. सहा महिन्यांपूर्वीची. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह, डावी, आणि शेवटी दोन सह्या.

काकांनी पडद्यावरच्या त्या ओळीला बोट लावलं आणि तसंच ठेवलं. मग भिंतीचा आधार घेत खाली बसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मला वाटलं आता शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या. ते म्हणाले, "ताई, फाइल पुसली नाहीत. पुसली असतीत तर मी गेलो होतो."

पुसायचं मनात आलं होतं, हेही मी तिथेच सांगून टाकलं. आता काय उरलं होतं लपवायला! साहेब मला जे बोलले ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आहे आणि राहील. काकांची चौकशी त्याच दुपारी रद्द झाली, साहेबांनी त्यांची माफी सगळ्यांसमोर मागितली, हे मात्र मानलं पाहिजे. माझा जीव भांड्यात पडला. आठवडाभर घशाखाली घास उतरत नव्हता, त्या दिवशी दुपारी मी माझा डबा खाल्ला आणि मावशींचा अर्धा.

संध्याकाळी बसथांब्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्हाला माहीत होतं ना?"

"यादी कुणी एक केली ते फाइलच्या अगदी वर लिहिलेलं असतं. वाचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर ती चहाडी झाली असती. तुझं तू बोललीस." बस येताना दिसली, त्यांनी पिशवी काखोटीला मारली. "आणि साहेबांनी काकांना आत बोलावलं तेव्हा मी मनात ठरवलं होतं, चष्मा पुसून होईपर्यंत थांबायचं. त्यापुढे नाही. तू फार वेळ लावलास हो. काच झिजली असती."

काका दुसऱ्या दिवशी चावी घ्यायला आले आणि आम्हा दोघींना म्हणाले, "तुम्ही एवढ्या याद्या करता, कधी व्हॉल्व्ह बघितलाय?" बघितला नव्हता. अकरा वर्षांत मी एकही बघितला नव्हता. मग त्याच आठवड्यात, दांडा नवा बसल्यावर, आम्ही गेलो. मावशी गुडघ्यांवर हात ठेवत, थांबत थांबत. काकांनी लोखंडी झाकण बाजूला केलं. खाली हातभर खोल, ओलसर, गंजका खड्डा, आणि त्यात तो व्हॉल्व्ह. कान लावला तर पाण्याचा आवाज.

"धरा," काकांनी चावी माझ्या हातात दिली. "बंद करायचाय."

"मी? आणि तुटला तर?"

"यादीत काय आहे?"

"डावी."

"मग फिरवा की डावीकडे. यादी तुमचीच आहे."

चौघा जणांनी जिथे जोर लावला होता, तिथे मी एकटीने डावीकडे फिरवलं. एक आटा, दोन आटे. अजिबात जोर लागला नाही. काका मोजत होते, मावशी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवून उभ्या होत्या. सव्विसाव्या आट्याला चावी हलकेच थांबली, आणि खालचा पाण्याचा आवाज बंद झाला.

"सव्वीस," मावशी म्हणाल्या. "बरोबर आहे."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसून रडले. काकांनी तोवर व्हॉल्व्ह पुन्हा उघडून दिला, कारण लोकांची पाणी भरायची वेळ झाली होती.